विश्लेषण : जहाजबांधणीच्या क्रेन भारताला विकल्या, सात पूल मागे राहिले… टाइनकाठचे न्यूकॅसल आज काय दाखवते?

उत्तर इंग्लंडमधील टाइन नदीच्या काठावर, वॉल्सएंड येथे, ‘स्वान हंटर’ या जहाजबांधणी कंपनीच्या उंच क्रेन अनेक दशके उभ्या होत्या. कामगारांच्या बैठ्या चाळींच्या छपरांवरून त्या दूरपर्यंत दिसत. एप्रिल २००७ मध्ये त्या विकल्या गेल्या. खरेदीदार होती मुंबईतील भारती शिपयार्ड ही कंपनी. क्रेनसोबत तरंगती गोदी आणि पोलादी पत्र्यांवर काम करणारी यंत्रेही विकली गेली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा उभारण्यासाठी हे सारे सुटे करून जहाजाने पाठवण्यात आले.

ज्या नदीने एकेकाळी जगभर जहाजे पाठवली, तिच्या काठावरचा जहाज कारखानाच अशा रीतीने जहाजात भरून गेला. मग मागे काय उरले? न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरात जाणाऱ्या पर्यटकाला याच प्रश्नाचे उत्तर पावलोपावली दिसते. कोळसा, रेल्वे, तोफा आणि जहाजे यांवर मोठे झालेले हे शहर उद्योग गेल्यावर कसे उभे राहिले, तिथे नेमके काय पाहावे आणि महाराष्ट्राशी त्याचे नाते काय, याविषयी…

न्यूकॅसल नेमके कुठे आहे?

न्यूकॅसल इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेपासून फार दूर नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून रेल्वेने साधारण तीन तास लागतात. अंतर सुमारे ४३० किलोमीटर. भारतातून थेट विमान नाही. लंडन, दुबई किंवा अॅमस्टरडॅममार्गे जावे लागते. विमानतळ थेट मेट्रोने शहराला जोडलेला असून मध्यवर्ती भागात पोहोचायला अर्धा तासही लागत नाही.

नकाशा पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नदीच्या उत्तर काठावर न्यूकॅसल आणि दक्षिण काठावर गेट्सहेड. दोन्हींच्या नगरपालिका वेगळ्या. पाहुण्याला मात्र ते एकच शहर वाटते, कारण दोन्ही काठांना जोडणारे सात पूल शहराच्या मध्यभागी जवळजवळ उभे आहेत. नदीला इथे समुद्राची भरती-ओहोटी जाणवते. काठ उंच आणि दरीसारखे उतरते आहेत. त्यामुळे काही पूल डोक्यावरून जातात, तर काही जवळपास पाण्यालगत. या उंच-सखलपणातच शहराच्या इतिहासाचा मोठा भाग दडला आहे.

शहराचे नाव ज्या किल्ल्यावरून पडले, तो ‘नवा किल्ला’ आता साडेनऊशे वर्षांचा होत आला आहे. विल्यम द कॉन्करर या राजाच्या मुलाने १०८० मध्ये तो बांधला. तोही त्याआधीच्या रोमन ठाण्याच्या जागेवर. आज दिसणारा दगडी बालेकिल्ला बाराव्या शतकातला आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा रूळ थेट किल्ल्याच्या आवारातून टाकले गेले. आजही बालेकिल्ला एका बाजूला, त्याचा दरवाजा ‘ब्लॅक गेट’ दुसऱ्या बाजूला आणि मधून धडधडत जाणारी गाडी असे दृश्य दिसते.

‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ म्हणजे काय?

इंग्रजीत निरर्थक उद्योगाला ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ म्हणतात. आपल्याकडे नागपूरला संत्री विकायला नेण्यासारखे. कारण टाइनच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली कोळसाच कोळसा होता. शेकडो वर्षे लंडनच्या चुली आणि शेकोट्या याच कोळशावर पेटल्या.

अडचण वाहतुकीची होती. नदी उथळ, त्यामुळे मोठी समुद्री जहाजे वरपर्यंत येऊ शकत नसत. मग ‘कील’ नावाच्या रुंद, सपाट तळाच्या होड्यांत कोळसा भरून तो नदीच्या मुखाजवळच्या जहाजांपर्यंत नेला जाई. एका होडीत सुमारे २१ टन कोळसा मावे आणि तो फावड्याने जहाजात चढवावा लागे. हे काम करणारे ‘कीलमन’ संघटित आणि हक्कांसाठी भांडणारे होते. वृद्ध आणि आजारी साथीदार व विधवांसाठी त्यांनी स्वतःच्या मजुरीतून पैसे बाजूला काढून १७०१ मध्ये ‘कीलमेन्स हॉस्पिटल’ ही आश्रयवास्तू बांधली. ती इमारत आजही उभी आहे. मालकाने किंवा राजाने नव्हे, तर मजुरांनी बांधलेली ही वास्तू बऱ्याच पर्यटकांच्या नजरेतून सुटते.

कोळशाच्या वाहतुकीची आणखी एक खूण शहराच्या पोटात आहे. व्हिक्टोरिया टनेल हा १८४२ मध्ये सुरू झालेला बोगदा एका खाणीतून थेट नदीपर्यंत जात होता. त्याची लांबी सुमारे ३.९ किलोमीटर. उतार असा राखलेला की भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली जात आणि रिकाम्या वाघिणी वरच्या टोकाला बसवलेल्या वाफेच्या इंजिनाने दोराने ओढून घेतल्या जात. बोगदा १८६० मध्ये बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात नागरिकांनी बॉम्बवर्षावापासून बचावासाठी त्यात आसरा घेतला. आता त्याचा एक भाग मार्गदर्शकासोबत पाहता येतो. आधी नोंदणी करावी लागते.

नदीच्या दक्षिण काठावर डन्स्टन स्टेथ्स हा लाकडी धक्का आहे. १८९३ मध्ये उघडलेली ही रचना ५२६ मीटर लांब असून युरोपातील सर्वांत मोठ्या लाकडी बांधकामांपैकी एक मानली जाते. रेल्वेच्या वाघिणी धक्क्यावर चढत आणि कोळसा थेट खालच्या जहाजात ओतला जाई. १९८० मध्ये हे काम थांबले.

सात पूल का पाहायचे?

न्यूकॅसलमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ती म्हणजे पूल. तासा-दोन तासांच्या फेरीत पावणेदोनशे वर्षांचे अभियांत्रिकी पायाखालून जाते.

पहिला हाय लेव्हल ब्रिज, १८४९ चा. त्याआधी दक्षिणेकडून येणारी गाडी गेट्सहेडलाच थांबे, कारण दरी ओलांडायची सोय नव्हती. रॉबर्ट स्टीफन्सन यांनी दुमजली पूल उभारला. वर रेल्वे, खाली रस्ता. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, पण ताणाला कच्चे. म्हणून कमानी ओतीव लोखंडाच्या आणि त्यांची दोन टोके धनुष्याच्या दोरीसारखी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या घडीव लोखंडाच्या. पूल आजही वापरात आहे. खालच्या मजल्यावरून चालत जाता येते आणि डोक्यावरून गाडी गेली की सगळा पूल घुमतो.

त्याच्या शेजारी, बराच खाली, लाल-पांढऱ्या रंगाचा स्विंग ब्रिज आहे. उद्योजक विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीने तो १८७६ मध्ये बांधला. हा पूल वर उचलला जात नाही, तर मधल्या खांबावर जात्यासारखा आडवा फिरतो आणि दोन्ही बाजूंनी जहाजांना वाट देतो. तो का बांधला, याचे उत्तर आर्मस्ट्राँग यांच्या धंद्यात आहे. त्यांचा तोफांचा आणि युद्धनौकांचा कारखाना पुलाच्या वरच्या अंगाला, एल्सविक येथे होता. जुना दगडी पूल मोठ्या जहाजांना अडवत होता. फिरत्या पुलातून पहिल्यांदा गेलेले जहाज इटलीचे होते आणि ते १०० टनी तोफ घेण्यासाठी आले होते.

आर्मस्ट्राँग मूळचे वकील. पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन त्यांनी विकसित केली आणि त्यावर प्रचंड उद्योग उभा केला. शहराला त्यांनी जेस्मंड डीन ही सुंदर बाग दिली. त्यांच्या तोफा मात्र १८६० मध्ये चीनमधील युद्धात ब्रिटिश सैन्याने वापरल्या. शहराची श्रीमंती आणि साम्राज्याची युद्धे यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही, हे इथे फिरताना जाणवते.

शहराची ओळख मानला जाणारा हिरवा, कमानदार टाइन ब्रिज १९२८ चा. दहा ऑक्टोबरला राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तो खुला झाला. कमानीचा गाळा १६२ मीटर. ऑस्ट्रेलियातील सिडनी हार्बर ब्रिज याच्यासारखाच दिसतो, कारण दोन्ही पूल मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीने बांधले. सिडनीचे काम आधी हाती घेतले गेले, पण आकाराने लहान असलेला टाइन ब्रिज आधी पूर्ण झाला. त्याच्या दोन्ही टोकांच्या दगडी मनोऱ्यांमध्ये गोदामे करायचा बेत होता. मजले मात्र कधीच पूर्ण झाले नाहीत.

सध्या या पुलाची मोठी दुरुस्ती सुरू आहे. २०२४ मध्ये सुरू झालेले काम २०२८ च्या शताब्दीपर्यंत संपवण्याचे लक्ष्य आहे. त्यामुळे जाणाऱ्यांना पुलावर मचाणे आणि आच्छादने दिसू शकतात. इथे आणखी एक घटक सांभाळावा लागतो. तो म्हणजे किटीवेक हे समुद्रपक्षी. एरवी समुद्रकड्यांवर राहणारे हे पक्षी उन्हाळ्यात टाइन ब्रिजवर आणि आसपासच्या इमारतींवर घरटी करतात. समुद्रापासून इतक्या आत घरटी करणारी किटीवेकची वसाहत जगात दुसरीकडे नाही, असे मानले जाते. त्यांच्या विणीचा विचार करून कामाची आखणी करावी लागते.

उरलेल्यांपैकी एडवर्ड सातवा पूल (१९०६) रेल्वेचा, क्वीन एलिझाबेथ पूल (१९८१) मेट्रोचा आणि रेडहाय पूल (१९८३) वाहनांचा. सातवा सर्वांत तरुण.

कलणारा पूल चालतो कसा?

गेट्सहेड मिलेनियम ब्रिज २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तो फक्त पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. पाहताना दोन कमानी दिसतात. एक आकाशाकडे उभी, दुसरी पाण्यावर आडवी वळलेली. आडव्या कमानीवरून लोक चालतात. दोन्ही एकमेकींना पोलादी दोरांनी जोडलेल्या आहेत आणि दोन्हींची टोके काठावरच्या एकाच मोठ्या बिजागरीवर टेकलेली आहेत.

जहाज आले की दोन्ही काठांवरचे प्रत्येकी तीन हायड्रॉलिक रॅम पुलाला ढकलतात. तत्त्व जेसीबीच्या हाताचेच, फक्त इथला प्रत्येक रॅम ४५ सेंटिमीटर व्यासाचा आहे. संपूर्ण पूल एकसंध ४० अंशांत फिरतो. उभी कमान मागे झुकते, चालण्याची कमान वर उचलली जाते. एकीचे वजन दुसरीला तोलून धरते, म्हणून सुमारे ८५० टनांचा पूल फिरवायला वाटते त्यापेक्षा कमी जोर लागतो. साधारण साडेचार मिनिटांत काम होते. हालचाल पापणी मिटल्या-उघडल्यासारखी दिसते, म्हणून लोक त्याला ‘डोळा मिचकावणारा पूल’ म्हणतात.

हा पूल जागेवर जोडला गेला नाही. नदीच्या खालच्या अंगाला तो पूर्ण जुळवून नोव्हेंबर २००० मध्ये ‘एशियन हर्क्युलिस’ या प्रचंड तरंगत्या क्रेनने अख्खाच्या अख्खा उचलून आणला. २००२ मध्ये त्याला ब्रिटनमधील वास्तुरचनेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

मुंबईच्या रेल्वेशी नाते काय?

रेल्वेचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉर्ज स्टीफन्सन यांचा जन्म १७८१ चा, न्यूकॅसलजवळच्या वायलम गावातला. वडील खाणीवरच्या वाफेच्या इंजिनावर कामाला. जॉर्ज यांना १८ व्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. रात्रशाळेत ते शिकले. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला आणि न्यूकॅसलच्या ‘लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटी’त त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. सेंट्रल स्थानकाजवळ असलेली या संस्थेची १८२५ मधील वास्तू आणि तिचे ग्रंथालय आजही पाहुण्यांसाठी खुले असते. जोसेफ स्वान यांनी आपल्या विजेच्या दिव्याचे प्रयोग याच संस्थेत दाखवले होते.

१८२३ मध्ये जॉर्ज आणि त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी भागीदारांसह न्यूकॅसलमध्ये खास रेल्वे इंजिनांसाठी कारखाना काढला. ‘लोकोमोशन’ आणि ‘रॉकेट’ ही प्रसिद्ध इंजिने इथलीच. टाइनकाठच्या कोळशाच्या वाघिणींच्या रुळांतील अंतरावरूनच जगभरचे ‘स्टँडर्ड गेज’ आले, म्हणजे चार फूट साडेआठ इंच. भारताने मात्र लॉर्ड डलहौसी यांच्या काळात साडेपाच फुटांचे ब्रॉडगेज स्वीकारले.

तरीही मुंबईशी धागा जुळतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ अर्थात जीआयपी कंपनी आठवा. रॉबर्ट स्टीफन्सन या कंपनीचे लंडनमधील सल्लागार अभियंता होते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी त्यांच्या हाताखाली काम केले होते आणि भोर घाटातील अवघड मार्गाची आखणी बर्कली यांनीच केली. पहिल्या गाडीची इंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. त्या कारखान्यातही सुरुवातीच्या काळात रॉबर्ट भागीदार होते. दररोज मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना न्यूकॅसल दूरचे वाटेल, पण घाटातल्या रुळांना तिथल्या कार्यशाळेचा स्पर्श आहे.

वीजनिर्मितीचे नातेही असेच. डिस्कव्हरी म्युझियममध्ये ‘टर्बिनिया’ ही सुमारे ३२ मीटर लांबीची सडपातळ नौका ठेवलेली आहे. प्रवेश विनामूल्य. वाफेच्या टर्बाइनवर चाललेली ही जगातील पहिली नौका. चार्ल्स पार्सन्स यांनी ती १८९४ मध्ये बांधली. सुरुवातीला एकाच पंख्याने ती अपेक्षित वेग गाठेना. पंखा इतक्या जोरात फिरे की पाण्यात बुडबुडे तयार होऊन त्याची पकडच सुटे. पार्सन्स यांनी तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात टर्बिनिया बोलावणे नसताना घुसली आणि पाठलाग करणाऱ्या बोटींना मागे टाकत निघून गेली. तिचा वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर. वाफेने पाती फिरवून शक्ती मिळवण्याचे तेच तत्त्व आज चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांत वापरले जाते.

वॉल्सएंडला काय उरले?

शहराच्या मध्यातून मेट्रोने साधारण पाव तासात वॉल्सएंडला पोहोचता येते. नावाचा अर्थ ‘भिंतीचे टोक’. इसवी सन १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधायला घेतलेल्या भिंतीचे पूर्वेकडचे टोक इथे आहे. म्हणून मेट्रो स्थानकावरच्या पाट्या इंग्रजीसोबत लॅटिनमध्येही आहेत. सेगेडुनम या रोमन किल्ल्याचे अवशेष आणि संग्रहालय स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. संग्रहालयाच्या मनोऱ्यावर चढले की एका बाजूला रोमन पायांच्या रेषा आणि दुसऱ्या बाजूला स्वान हंटरची जागा, असे दोन काळ एकाच नजरेत येतात.

याच काठावर बांधलेल्या ‘कार्पेथिया’ने १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’च्या सातशेहून अधिक प्रवाशांना वाचवले. इथलीच ‘मॉरेटानिया’ अटलांटिक ओलांडण्याच्या वेगाचा विक्रम २० वर्षे राखून होती. तिला पार्सन्स यांचीच टर्बाइन होती. शेजारच्या वॉकर येथील गोदीत १९३९ मध्ये ‘नायजेरिया’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. ती पुढे भारताने घेतली आणि १९५७ मध्ये ‘आयएनएस म्हैसूर’ या नावाने नौदलात दाखल झाली. १९८५ पर्यंत तिने सेवा दिली.

१९६० च्या दशकाअखेर इथे अडीच लाख टनांचे तेलवाहू जहाज बांधले गेले, तेव्हा गल्लीच्या टोकाला घरांपेक्षा कितीतरी उंच पोलादी भिंत उभी दिसे. त्यानंतर परदेशी स्पर्धा, सरकारीकरण, पुन्हा खासगीकरण आणि आटत गेलेल्या मागण्या असा प्रवास झाला. जुलै २००६ मध्ये ‘लाइम बे’ हे ब्रिटिश नौदलाच्या सेवेसाठीचे जहाज अपूर्ण अवस्थेत टाइनमधून बाहेर ओढून नेण्यात आले. उरलेले काम स्कॉटलंडमध्ये झाले. स्वान हंटरची जहाजबांधणी तिथेच संपली.

कारखाना गेला की काय होते?

हा प्रश्न टाइनकाठाला नवा नव्हता. वॉल्सएंडपासून जवळच, दक्षिण काठावर, जॅरो आहे. १९३० च्या दशकात तिथला पामर्स जहाज कारखाना बंद झाला आणि बहुतांश गाव बेकार झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये तिथले २०० पुरुष रोजगाराची मागणी घेऊन लंडनपर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर चालत गेले. सोबत ११ हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन होते. तातडीने पदरात काहीच पडले नाही. पण ब्रिटनमधील बेरोजगारीची चर्चा आजही जॅरो मोर्चाच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. या मोर्चात पुढे असलेल्या स्थानिक खासदार एलेन विल्किन्सन १९३२ मध्ये ‘इंडिया लीग’च्या शिष्टमंडळातून भारतात आल्या होत्या. इथल्या दडपशाहीची नोंद त्या शिष्टमंडळाच्या अहवालात आहे.

१९९० नंतर न्यूकॅसल-गेट्सहेडने वेगळा मार्ग निवडला. रिकाम्या औद्योगिक जागा पाडण्याऐवजी काही वापरात आणल्या आणि नदीकाठ लोकांसाठी मोकळा केला. मिलेनियम ब्रिजसमोरची बाल्टिक ही अवाढव्य इमारत मूळची पिठाची गिरणी. १९५० मध्ये सुरू झालेली ही गिरणी १९८१ मध्ये बंद पडली आणि २००२ मध्ये तिथे समकालीन कलेचे दालन उघडले. शेजारची काचेची वळणदार वास्तू म्हणजे २००४ मध्ये सुरू झालेले संगीत केंद्र. त्याचे आताचे नाव ग्लासहाऊस.

गेट्सहेडच्या सीमेवर ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हा २० मीटर उंच, ५४ मीटर पंखांचा पोलादी पुतळा १९९८ मध्ये उभा राहिला. शिल्पकार अँटनी गॉर्मली. जागा एका जुन्या खाणीच्या न्हाणीघरांची. खाली जुन्या खाणकामाची पोकळी असल्याने सुमारे २० मीटर खोल काँक्रीटचे खांब खडकापर्यंत न्यावे लागले, तेव्हा कुठे हा पुतळा वाऱ्याला तोंड देऊ शकला.

पर्यटनाने गेलेला रोजगार परत आला का?

अंशतः. नदीकाठ बदलला, हॉटेले आली. दोन विद्यापीठांमुळे शहर तरुण राहिले आणि त्यांत भारतीय विद्यार्थीही मोठ्या संख्येने आहेत. नदीही सुधारली. सांडपाण्याने मेल्यात जमा झालेली टाइन आता इंग्लंडमधील उत्तम सॅमन नद्यांपैकी एक गणली जाते. पण कलादालनातील काम आणि गोदीतले काम एक नव्हे. वेल्डर, फिटर किंवा आरेखकाला पिढ्यान्‌पिढ्या मिळणारी कसबी नोकरी संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर मिळत नाही. झगमगत्या काठापासून दोन-चार मेट्रो स्थानके पुढे गेले की हा फरक दिसतो.

उद्योग पूर्णपणे संपला असेही नाही. शेजारच्या संडरलँडमध्ये १९८६ पासून निस्सानचा मोटार कारखाना आहे. टाइनच्या मुखाजवळ उत्तर समुद्रातील डॉगर बँक या पवनऊर्जा प्रकल्पाचा तळ आहे. वॉल्सएंडच्या काठावर समुद्रातील पवनचक्क्यांसाठी पोलादी सांगाड्यांचे काम होते. कोळशाने मोठा झालेला काठ आता वाऱ्याकडे वळला आहे, मात्र कामगारांची संख्या पूर्वीइतकी नाही.

दोन दिवसांत काय पाहावे?

पहिल्या दिवशी सेंट्रल स्थानकापासून चालायला सुरुवात करावी. लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटी, किल्ला, मग हाय लेव्हल ब्रिजवरून पायी गेट्सहेड. स्विंग ब्रिजवरून परत, टाइन ब्रिजखालून नदीकाठाने मिलेनियम ब्रिज आणि पलीकडे बाल्टिक. बाल्टिकच्या वरच्या मजल्यावरून सगळे पूल एकामागे एक दिसतात. रविवार असेल तर नदीकाठचा बाजारही भरतो. संध्याकाळी ग्रे स्ट्रीट आणि १८३५ पासूनचे ग्रेंजर मार्केट परिसर. जवळच्या उंच स्तंभावर पंतप्रधान अर्ल ग्रे उभे आहेत. त्यांच्याच कारकिर्दीत १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार थांबवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कव्हरी म्युझियम, मग मेट्रोने वॉल्सएंड आणि पुढे समुद्रकाठचे टाइनमथ. आर्मस्ट्राँग, पार्सन्स, स्टीफन्सन यांची सगळी जहाजे आणि कोळसा याच मुखातून बाहेर पडले. जून-जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. थंडीत चारच्या आधीच अंधारून येते. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट उन्हाळ्यातही सोबत हवे.

क्रेनचे पुढे काय?

त्या क्रेन विकत घेणारी मुंबईची कंपनी पुढे ‘भारती डिफेन्स अँड इन्फ्रास्ट्रक्चर’ झाली आणि कर्जात बुडाली. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. एका काठावरून मोडून नेलेला कारखाना दुसऱ्या काठाला हमखास तारेल, याची खात्री नसते, हे यातून दिसले. वॉल्सएंडचे स्थानक, लॅटिन पाट्या आणि रोमन पाये जागेवर आहेत. सेगेडुनमच्या मनोऱ्यावरून स्वान हंटरच्या जागेकडे पाहणाऱ्या मराठी पर्यटकाला तिथल्या क्रेन कुठे गेल्या, हे आता विचारावे लागणार नाही.